उताणं ताट

बीडच्या त्या बोर्डिंगात एकतीस विद्यार्थी होते आणि खोल्या चार. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि तिच्याशेजारी वळकटी उलगडण्यापुरती जागा. उन्हाळ्यात ढेकणांना कंटाळून मुलं अंगणात झोपत, थंडीत एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. आडाचं पाणी मचूळ होतं. खेड्यातून आलेल्या मुलाचं पहिले पंधरा दिवस पोट बिघडे, आणि पहिलं वर्ष उर्दूपायी डोकं. घरी मराठी बोलायची आणि हैदराबाद संस्थानातल्या शाळेत गणितापासून इतिहासापर्यंत सगळं उर्दूत लिहायचं. त्यामुळे मुलं मोठ्याने घोकत. संध्याकाळी चारही खोल्यांतून एकदम आवाज उठला की वाटेवरून जाणारा माणूस क्षणभर थांबून आत बघे.

या आवाजाच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात, बायनाबाई भाकरी थापत असे.

ती मांजरसुंब्याकडची. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीत तिचा नवरा आणि सासू एका आठवड्यात गेले. दिराने जमीन कसायला घेतली आणि तिला बोर्डिंगात आणून सोडलं. तेव्हा ती तिशीची होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आज जेवायला किती जण आहेत हे तिला कुणी सांगावं लागत नसे. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक लांब फळी होती. तिच्यावर प्रत्येकाचं घरून आणलेलं पितळी ताट. जेवणारा आपलं ताट उताणं ठेवी. ज्याचा उपास असेल, जो गावाला जाणार असेल किंवा ज्याला बरं नसेल, तो उपडं ठेवी. बायनाबाई सकाळी फळीवरून एकदा नजर फिरवी आणि परातीत पीठ घेई. तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

बोर्डिंगचा कारभार पाहणारे मोहतमीम अर्जुनराव हेही रोज फळी बघत, पण त्यांचं कारण वेगळं होतं. साथीत बोर्डिंगातली तीन मुलं दगावली होती. त्यानंतर बोर्डिंग चालवणाऱ्या पंचांनी नियम केला की सलग तीन दिवस ताट उपडं दिसलं तर तो मुलगा आजारी धरायचा, त्याला गाडीत घालून घरी पोचवायचं आणि त्या वर्षी परत घ्यायचं नाही.

बायनाबाई मुलांशी फारशी बोलत नसे. बोललीच तर चिमटा काढून. सिरसाळ्याचा भारत सहा भाकऱ्या खात असे. एकदा वाढता वाढता तिने विचारलं, "भारत, तुमच्याकडं बैल हाय का रं?"

"हाय की. कावून?"

"न्हाई, म्हनलं त्यो तर हितं बसलाय. तिकडं औताला कुनाला जुपत्यात?"

सगळी पंगत हसली. भारतही हसला आणि त्याने सातवी मागितली.

भारतच्याच खोलीत चकलांब्याचा बंकट होता. वीस वर्षांचा, उंच, बोलायला कमी. धोंडीराम नावाच्या शेतकऱ्याचा हा मुलगा गावातून मॅट्रिकपर्यंत पोचलेला पहिलाच. मागच्या वर्षी तो इतिहासात नापास झाला होता. गाव मात्र त्याआधीपासूनच त्याला तहसीलदार म्हणे. सुट्टीला गेला की पारावरची माणसं उठून उभी राहत आणि, "या तहसीलदार, बसा," म्हणत. त्यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पास झाल्यावर हैदराबादच्या कॉलेजात जायचं, हे बंकटने ठरवलं होतं की गावाने, हे आता सांगता येणार नाही.

फसली १३३४ च्या, म्हणजे १९२५ सालच्या फाल्गुनात, परीक्षेला महिना राहिलेला असताना, बंकटचं ताट दोन दिवस उपडं दिसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि ताट स्वतःच उताणं करून उभा राहिला.

"मावशी, ताट असंच राहू द्या. पन मला वाढू नका. आन् अर्जुनरावांना सांगू नका."

"जेवत कावून न्हाईस?"

"घास उतरत न्हाई. पुस्तक मिटलं की छातीत धडधडतं. रातभर डोळा लागत न्हाई."

बायनाबाईने पिठाचा हात पुसला आणि त्याच्या कपाळाला लावला. कपाळ गार होतं. मानेखाली हात लावला, तिथेही गार. साथीत तिने जी माणसं जाताना पाहिली होती ती सगळी तापाने भाजत गेली होती. ज्याला ताप नाही तो आजारी नाही, एवढं तिला त्यातून पक्कं कळलं होतं.

"ताप तर न्हाई तुला."

"न्हाई ना. म्हनूनच म्हनतो. घरी धाडलं तर वरीस जाईल. परत नापास झालो तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

"झाकून ठेवते. मागून येऊन खा."

तो बरं म्हणाला.

पहिले दोन दिवस तो मागून आला आणि कोरभर खाऊन गेला. मग यायचा थांबला. बायनाबाई त्याच्या वाटणीच्या भाकरी करत राहिली, झाकत राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येणाऱ्या गायीपुढे टाकत राहिली. पंगतीत कुणी विचारलं तर ती सांगे, "त्यो मागून जेवतो." मुलांना त्यात थट्टेला विषयच मिळाला. "मावशीचा जावई हाय त्यो," भारत म्हणायचा, "त्याला तूप बी असंल." अर्जुनराव फळी बघून जात. एकतीसच्या एकतीस ताटं उताणी असत.

रात्री सगळे झोपल्यावर बंकट घोकत बसे. आधी मोठ्याने, मग पुटपुटत. खोलीतल्या मुलांना तो अभ्यासू वाटे. एक-दोघांनी त्याच्याकडे पाहून झोप कमी केली.

अकराव्या दिवशी दुपारी अर्जुनराव मुलांचा पाठ ऐकत होते. बंकट उभा राहिला आणि उर्दू इतिहासातलं एक वाक्य म्हणाला. पुन्हा तेच म्हणाला. अर्जुनराव म्हणाले, "पुढं?" त्याने तिसऱ्यांदा तेच म्हटलं, आणि कुणी हाक मारायच्या आत तो अंगणात गेला. भारत मागे धावला. बंकट आडाच्या काठावर पाय आत सोडून बसला होता आणि तेच वाक्य चालू होतं. भारतने त्याला बगलेत धरून मागे ओढलं. वाळक्या कडब्याच्या पेंढीएवढा हलका लागला, असं तो नंतर सांगायचा. पाणी प्यायला गेलो होतो, असं बंकट म्हणाला. भरलेला पोहरा काठावरच होता.

सरकारी दवाखान्यातून डॉक्टर आले. त्यांनी डोळे पाहिले, पोट दाबलं आणि विचारलं, याने किती दिवस खाल्लेलं नाही?

"रोज जेवतो त्यो," अर्जुनराव म्हणाले.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. ते गेल्यावर अर्जुनरावांनी भारतला पुढे घेतलं. "सात भाकऱ्या खातोस. त्याच्या वाट्याच्या बी तूच हाणल्यास ना, बे?"

"देवाशपथ न्हाई, साहेब."

"मग कोनी? फळीवर ताट उताणं, आन् पोरगं उपाशी? पेटी उचल. आजच्या आज सिरसाळ्याची वाट धर."

भारतचं तोंड उतरलं. त्याने पेटी उचललीही. तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बायनाबाई म्हणाली, "त्यानं न्हाई खाल्ल्या. गायीनं खाल्ल्या. म्याच टाकत व्हते."

तिने होतं तेवढं सगळं सांगितलं. अर्जुनरावांनी भारतला पेटी खाली ठेवायला सांगितली.

निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी धोंडीराम गाडी घेऊन आला. वाटेतच त्याने ठरवलं होतं, आणि आल्या आल्या बोलूनही दाखवलं, की पोराला बाहेरचं काही लागलंय, परस्पर देवऋष्याकडे न्यायचं. पण बंकट उठून बसला होता. दोन वेळा पेज पोटात गेली होती, डॉक्टरांच्या औषधाने रात्री झोप लागली होती. तो स्वच्छ बोलत होता.

"दादा, मी येत न्हाई. सतरा दिवस ऱ्हायले. एवढे काढू द्या."

धोंडीरामने अर्जुनरावांकडे पाहिलं. अर्जुनरावांनाही मोह होताच. त्या वर्षी मॅट्रिकला बसणारे बोर्डिंगचे दोनच विद्यार्थी होते. ते म्हणाले, "नियमानं बघितलं तर ताट तीन दिस उपडं नव्हतं. ठेवता येईल." मग ते बायनाबाईकडे वळले. "पन हमी पायजे. बायनाबाई, चूक तुमची हाय. ह्याच्या खान्या-झोपंवर सतरा दिस नजर ठेवता का? ठेवत असाल तर ऱ्हाऊ दे."

बंकट तिच्याकडे बघत होता. ती हो म्हणणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

बायनाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"मावशी!"

"मला ताप कळतो, मालक. ह्याचं मला कळत न्हाई. कळलं असतं तर आठ-धा दिस गायीला भाकऱ्या टाकल्या नसत्या." ती धोंडीरामला म्हणाली, "घरी न्या त्याला. देवऋष्याकडं नेऊ नगा, बाहेरचं काई न्हाई. झोपू द्या. पुस्तकं हितंच ठेवा. आन् गावाला सांगा, तहसीलदार म्हनू नगा म्हनावं."

बंकट तिला बरंच बोलला. तिनेच आपलं वर्ष बुडवलं, आधी फसवलं आणि मग उलटली, असं म्हणाला. ते खोटं होतं असं नाही. ती ऐकत उभी राहिली. गाडी निघाली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

पंचांनी तिला काढायचं ठरवलं होतं. पण एवढ्या जणांचं रांधायला दुसरं कुणी मिळेना, म्हणून ती राहिली. त्यानंतर मात्र ती चुलीपुढून उठून पंगतीत येऊन बसू लागली. शेवटचं पोर उठेपर्यंत ती हलत नसे. कुणी भाकरी तशीच ठेवून उठू लागला की विचारी, "रातच्याला झोपला व्हतास का?" मुलांना ते विचित्र वाटे. काही चिडत, काही खोटं सांगत. एक-दोघं खरं सांगत. मग ती अर्जुनरावांकडे जाऊन तसंच सांगे. त्यातले दोघं महिनाभर घरी जाऊन परत आले, कारण तोवर अर्जुनरावांनी पंचांशी भांडून वर्ष न बुडवता सुट्टी द्यायचं मान्य करून घेतलं होतं. बंकटच्या वेळी ते झालं नव्हतं.

दोन वर्षांनी सुगीत धोंडीराम बोर्डिंगसाठी ज्वारीचं पोतं घेऊन आला. अर्जुनराव कचेरीत गेले होते. तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला.

"बंकट कसा हाय?" बायनाबाईने विचारलं.

"गावातच शाळा काढलीय त्यानं. ल्हान पोरं शिकवतो. मॅट्रिकचं नाव काढत न्हाई."

"माझ्यावर राग हाय का आजून?"

धोंडीरामने जरा इकडेतिकडे पाहिलं. "हाय," तो म्हणाला. "मी हितं येतो म्हनलं तर उठून भाईर गेला."

"झोपतो का पन?"

"झोपतो. हाक मारून उठवावं लागतं."

"मग असू द्या राग," बायनाबाई म्हणाली, आणि पोतं कुठे ठेवायचं ते दाखवायला उठली.