पन्नासच्या आत

गाडी बघायला आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि दादा, म्हणजे आमचे वडील. पांढरी जुनी गाडी, मागच्या दाराला पोचा. भूमच्या मेस्त्रीनं आडपडदा ठेवला नाही. "इंजिन उतरवून नव्यानं बांधलंय. रिंग, पिस्टन समदं नवं. खोटं सांगत न्हाय."

झालं! भावाचं तोंड वाकडं. आमच्याकडं इंजिन खोललेल्या गाडीला लोक लांबूनच हात जोडतात. "चला दादा, खोललेली गाडी नको," तो म्हणाला.

दादांनी शर्टाची वरची बटणं काढली. छातीवर मधोमध ऑपरेशनचा उभा व्रण. "मला बी खोललंय की रं. टाकून देतूस का?"

मेस्त्री हसला. भाऊ गाडीभोवती परत एक चक्कर मारून आला. मी पुढं होऊन दादांची बटणं लावली.

गाडी हौसेची नव्हतीच. पहिला झटका आला तेव्हा दादांना बार्शीला न्यायला वाहन मिळेना. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेलेली, गावातली जीप लग्नाला. शेवटी टेम्पोत सोयाबीनच्या पोत्यांवर निजवून नेलं. ते वाचले, पण डॉक्टर म्हणाले, परत असं झालं तर वेळ घालवू नका. भाऊ पुण्याला कामाला. गावात मी, शाळेतली मास्तरीण. म्हणजे स्टिअरिंग माझ्याच हातात येणार होतं.

गाडी घेतली. आधीच्या मालकानं पुढं बांधलेलं लिंबू-मिरची दादांनी सोडून बाजूला ठेवलं. विहारापुढं गाडी उभी करून आम्ही वंदना घेतली. दादांनी जन्मभर एसटी चालवलेली. डॉक्टरनं त्यांना चालवायला बंदी केली, बोलायला थोडीच केली होती? शेजारच्या सीटवर बसून त्यांनी हुकूम सोडला, "हजार किलोमीटर होईस्तवर पन्नासच्या वर न्यायची न्हाय. नवं पिस्टन हाय, त्याला बसाय टाईम लागतो. पी हळद आन् हो गोरी, आसं नसतंय माय."

मग रोज शाळा सुटली की परांड्याच्या रस्त्याला जाऊन यायचं. काटा पन्नासला टेकला की दादा डॅशबोर्डवर बोट आपटायचे. टक. माझा पाय सैल. दुधाच्या मोटारसायकलीसुद्धा आम्हाला मागं टाकायच्या. एकदा एक वऱ्हाडाची जीप हॉर्न मारत गेली, पोरं खिडकीतून हसली. "अहो दादा, लाज वाटते!" मी चिडले.

"वाटू दे. हजार झालं की सोलापूर रोडला नेतो तुला. मोकळी गाडी कशी सोडायची, ते मी शिकवतो."

हे ते रोज म्हणायचे. मला वाटतं, त्यांनी स्वतःलाही तीच मुदत घालून घेतली होती.

हजार भरायला थोडेच राहिले होते. रविवारची दुपार होती. दादा जेवणावरून उठले आणि भिंतीला धरून खाली बसले. चेहरा राखेसारखा. शेजाऱ्यांनी उचलून त्यांना गाडीत घातलं. मागं निजा म्हटलं तर ऐकेनात, पुढंच बसले, त्यांच्या जागेवर.

गाव सुटलं आणि मी पाय दाबला. साठ. सत्तर. गाडी थरथरली, पण निघाली. डॅशबोर्डवर बोट आपटलं. टक.

"दादा, आज गप बसा!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले.

त्यांनी बोट मागं घेतलं. मान इंजिनाकडं कलती करून ऐकत राहिले. "पळतीय की," एवढंच म्हणाले. त्यानंतर काही बोलले नाहीत.

बार्शीत दवाखान्याच्या दारात गाडी लागली. आतून स्ट्रेचर पळत आलं. वाहन वेळेवर होतं, रस्ता मोकळा होता, इंजिन एकदाही अडखळलं नाही. दादाच राहिले नाहीत.

पुढं कितीतरी दिवस गाडी अंगणात झाकलेली पडून होती. पुण्याहून भावाचाच फोन आला. "ताई, ती गाडी चालव गं. दादांनी मेस्त्रीला हजारला ऑइल बदलायचं सांगून ठेवलंय." खोललेली गाडी नको म्हणणारा तोच. बोलता बोलता रडायला लागला.

उरलेलं अंतर मी शाळेला जाता-येता भरून काढलं. मेस्त्रीनं ऑइल बदललं, इंजिनला कान लावला आणि बॉनेट खाली घेतलं. "बसलं बघा बेस. आता पळवा ताई कितीबी."

तिथनं निघाले ती परांड्याच्या रस्त्यालाच लागले. रस्ता मोकळा, पुढं चिटपाखरू नाही. काटा पन्नासला टेकला आणि माझा पाय आपोआप सैल पडला. परत दाबला, परत सैल. शेजारची सीट रिकामी.

"हजार झाले की ओ दादा," मी मोठ्यानं म्हणाले. "आता शिकवा."