याला पाणी कोण घालतं?

आबा संचालकांविषयी जे बोलत, ते ऐकून नव्या माणसाला घाम फुटे. "चेअरमन शेंड्याकडून वाळायलेत. व्हाईस चेअरमनला काल शेळीनं खाल्लं." धारूरच्या उतारावर आमच्या वृक्षलागवड संस्थेने रोपे लावली होती आणि प्रत्येक रोपाशेजारी ते लावणाऱ्या संचालकाच्या किंवा पाहुण्याच्या नावाची पाटी ठोकली होती. रोपांना पाणी घालायचे काम आबांचे. ते पाटीवरच्या नावानेच रोपांना हाक मारत. मी संस्थेचा सेक्रेटरी. पाट्या रंगवून घेणे हे माझे काम.

आबा गुडघे टेकून डब्याने पाणी घालत, धार बोटांवर घेऊन. मी एकदा म्हणालो, "आबा, बादलीच ओता की."

"न्हाई सायेब. लई तहानलेल्याला हळू पाजावं. ठसका लागतो."

त्या उन्हाळ्यात टँकर चार दिवसांआड येऊन उतारावरची टाकी भरायचा. बाकी डोंगर करपला होता. अशा वेळी संचालक मंडळाने ठराव केला : आपल्याकडे झाडे का जगत नाहीत याचा अभ्यास, ती जिथे जगतात तिथे, म्हणजे कोकणात, जाऊन करावा. ठराव एकमताने झाला. दौऱ्यात एक कामगार असला की कागद शोभतो, म्हणून आबांना धरले.

आबा कबूल होईनात. "माझी मालकीण घालील पाणी. पर टँकर चुकला तर ती काय घालील?"

"टँकर येईल. मी बघतो," मी म्हणालो.

निघायच्या दिवशी सकाळी चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजचा टँकर आमच्या घरी पाठव. परतल्या परतल्या पोरीचा साखरपुडा हाय. झाडं काय एका पाळीनं मरतेत का?"

"नाही साहेब," मी म्हणालो आणि ड्रायव्हरसाठी चिठ्ठी लिहिली. मग जीपमध्ये आबांच्या शेजारी जाऊन बसलो.

दुसरा सबंध दिवस आम्ही समुद्राकाठच्या रानातून हिंडलो. एका अंगाला पाणी चमकायचे आणि दुसऱ्या अंगाला देवराया. आत गेले की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखे वाटे. किंजळ, सातवीण, बेहडा. शेंडा बघायला टोपी हातात धरावी लागे. संचालकांनी वाटेत सुरमईचा कसून अभ्यास केला. आबा मात्र प्रत्येक झाडाखाली थांबत. शेवटी सोबतच्या गावकऱ्याला त्यांनी विचारले, "याला पाणी कोण घालतं?"

"कोण घालणार? कोणीच नाय."

"मंग संस्था?"

"कसली संस्था?"

आबांनी चेअरमनकडे पाहिले. "बघा सायेब. संस्था न्हाई, तरी एवढं झालंय!"

चेअरमन म्हणाले, "आबा, तुमी गप ऱ्हावा."

पुढे एका बेहड्याला पाचही संचालकांनी हात धरून कवेत घेतले. फोटो काढायचा होता. खोड त्यांना पुरून उरले. "या आबा, जोडा हात," चेअरमननी हाक मारली. आबा मध्ये शिरले, गाल खोडाला लावला आणि हसू लागले. थांबेचनात. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. मीही हसलो. चिठ्ठी डोक्यातून गेली नव्हती, तरी हसलो.

आम्ही परतलो तेव्हा टाकी कोरडी होती. पानांचा हातात चुरा होत होता. पाट्या तेवढ्या ताज्या रंगाने चमकत होत्या. आबांच्या बायकोने चार दिवस टाकीपाशी बसून वाट पाहिली होती. टँकरवाल्याने तिला सांगितले होते की सेक्रेटरींची चिठ्ठी होती.

मी ऑफिसात दौऱ्याचा अहवाल लिहीत होतो, तेव्हा आबा आले. खाली बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"चिठ्ठी कवा लिवली?"

खोटे बोलता आले असते. तोंडाशी आलेही होते. "निघायच्या आधी," मी म्हणालो.

त्यांनी जरा विचार केला. "मंजी त्या मोठ्या झाडाला धरून मी हासत व्हतो, तवा तुमाला माहीत व्हतं."

मी मान हलवली.

"बरं केलं, सांगितलं न्हाई ते. तेवढं हासाय तरी भेटलं."

टाकीच्या कुलपाची किल्ली त्यांनी माझ्या कागदांवर ठेवली आणि ते गेले. पुन्हा कामावर आले नाहीत. त्यांनी शिवी दिली असती, तर एव्हाना मी ती विसरलो असतो.