माझ्या हाताचं रिव्हॉल्व्हर

कुंपणाच्या तारा पुन्हा कापल्या गेल्या आणि त्याच आठवड्यात कुणीतरी आमच्या कुत्र्याला विष घातलं, तेव्हा मी ठरवलं की जागा विकायची नाही. लोक अशा वेळी उलटं ठरवतात, हे मला ठाऊक आहे. खालापूरच्या पुढे, वस्तीपासून बाजूला आमची रोपवाटिका आहे. नवरा गेल्यापासून मी तिथे एकटीच राहते. जमीन मागणारे दलाल आधी गोड बोलत, मग सोबत माणसं आणू लागले. मी पोलिसांत तक्रार दिली आणि शस्त्रपरवान्यासाठी अर्जही केला. परवाना मिळेपर्यंत चपला झिजल्या, पण मिळाला.

माझे धाकटे दीर शेलूला फ्लॅट घेऊन राहतात. "वहिनी, इका ती जागा, आमच्याकडं या," हे त्यांचं पालुपद. परवाना हातात आल्यावर मात्र सूर बदलला. "दुकानात मी येतो. तुमाला त्यातलं काय कळनार हाय?" पुण्यापर्यंत जायचं आणि हत्यार घेऊन परतायचं, सोबत असलेली बरी म्हणून मी हो म्हटलं.

दुकानदाराने विचारलं, "कशासाठी हवंय?" मी तोंड उघडायच्या आत दीर म्हणाले, "बघनाऱ्याला धाक बसाया पायजे." समोर लांब नळीचं, चांगलं दणकट रिव्हॉल्व्हर आलं. मी दोन्ही हातांनी धरलं तरी मनगट खाली झुकत होतं. "सवयीनं व्हतं," दीर म्हणाले. मग दुकानदाराने खास बायकांसाठी म्हणून एक इवलंसं काढलं. त्याच्या मुठीत माझी करंगळी मावेना, लोंबकळत राहिली. खेळण्यातलं वाटलं मला ते, आणि मला खेळायचं नव्हतं.

मी कलमाचा चाकू घेते तेव्हा दुकानात तो बराच वेळ हातात धरून उभी राहते. दुकानदार कंटाळतो, पण हात दुखायला लागला तर तो चाकू माझा नव्हे. इथेही मी तेच केलं. म्हटलं, "हे घरात राहणार, कमरेला नाही. कलमं बांधून बांधून माझा अंगठा कामातून गेलाय, त्याने दर वेळी मागचा घोडा ओढणं व्हायचं नाही. नुसत्या बोटाने चाप दाबता आला पाहिजे." दुकानदाराने एक मधल्या आकाराचं दिलं, लाकडी मुठीचं. नकली काडतुसं घालून मी भिंतीकडे धरलं आणि चाप दाबत राहिले. जड गेला, पण हात हलला नाही.

मागे वळले तर दीर आरशासमोर उभे. ते दणकट रिव्हॉल्व्हर त्यांनी स्वतःच्या कमरेला लावून पाहिलं होतं आणि दुकानदाराला पट्ट्याचं माप विचारत होते. "दसऱ्याला पाटावर हेच शोभंल वहिनी. गावात सांगून ठेवलंय मी, पूजा झाल्यावर एक बार हवेत काढनार."

आपण कुणासाठी रिव्हॉल्व्हर घेत होतो ते मला तेव्हा कळलं. राग असा आला की कानशिलं तापली. इतके दिवस माझी काळजी म्हणून जे ऐकत होते, त्यात केवढी हौस मिसळलेली होती. आवाज न चढवता मी म्हणाले, "भावोजी, परवान्यावर फोटो माझा आहे. बार-बीर काही निघणार नाही. आणि हत्यार माझ्या घराबाहेर जाणार नाही."

ते खजील झाले, पण हट्ट सोडवेना. "बघू तरी तुमचं," म्हणत त्यांनी माझ्या हातातलं घेतलं. त्यांचं जाडजूड बोट चापाच्या कडीत धड शिरेना. "यात तर आमचं बोटच जात नाय," ते म्हणाले.

"मग हेच द्या," मी दुकानदाराला सांगितलं.

यंदा दसऱ्याला पाट माझ्या ओसरीवर मांडला. कोयता, कलमाचा चाकू आणि रिकामं केलेलं रिव्हॉल्व्हर. दीर आले, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि हवेतल्या बाराचा विषय काढला नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "म्हंजे तुमी शेलूला येनार नाय."

"नाही," मी म्हणाले, आणि त्यांना आणखी भात वाढला.