मोरोक्कोत गाडी कोण चालवणार

मला चारचाकी चालवता येत नाही. एवढंसं वाक्य, पण ते कबूल करायला मला चोवीस वर्षं लागली. मोटारसायकल येते. चारचाकी कधीच येत नव्हती.

हे बाहेर आलं ते मोरोक्कोमुळे. बायको हायस्कुलात भूगोल शिकवते. वाळवंटाचा धडा आला की फळ्यावर तपकिरी खडूनं सहारा काढते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमी पाह्यलंय का?"

"नाही गं."

"मग वाळू तांबडी असती, हे कशावरून?"

त्या दिवशी ती घरी आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आपण सहारा बघायचा."

टूरवाल्यांबरोबर जायला ती तयार नव्हती. ते बसमधून उतरवतात, फोटो काढायला लावतात आणि परत कोंबतात, असं तिचं मत. तिला भूगोल रस्त्यानं बघायचा होता. मराकेशला उतरायचं, गाडी भाड्यानं घ्यायची, अॅटलासचा घाट चढायचा, डोंगराला पाऊस कसा अडतो ते पाहायचं, मग वारझाझात, तिंघीर ही गावं करत मेर्झुगाच्या वाळूच्या टेकड्या. पावसाच्या सावलीत, म्हणजे पर्जन्यछायेत, आख्खा जन्म काढलेल्या बाईला दुसऱ्या देशातली पावसाची सावली बघायची हौस का असावी, हे मी विचारलं नाही. मी फारसं काही विचारत नाही. शेजारी मात्र विचारायचे. "वाळवंट बघायला तिकडं कशाला, मॅडम? मे महिन्यात आमच्या गावी, पाथर्डीला या. उंट सोडले तर समदं हाय!"

तिनं दोनशे पानी वही घातली. रोजच्या प्रवासाला एक पान. घाट कुठं, पेट्रोल कुठं, मुक्काम कुठं. मधे एक संकष्टी येत होती, म्हणून मेर्झुगाचा चंद्रोदयसुद्धा काढून ठेवलेला. आणि पहिल्याच पानावर, सगळ्यात वर, ठळक अक्षरात: चालक – हे.

'हे' म्हणजे मी.

ही थाप मी मारलेली नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. तरुणपणी मोटारसायकलचं लायसन्स काढायला गेलो तेव्हा एजंट म्हणाला, "सर, दोन्ही करून टाकू. परत हेलपाटा कशाला?" मी मान हलवली. पुढे मुलगी बघायला तिसगावला गेलो. माझ्या मामांनी पाहुण्यांपुढे माझे गुण मोजले: कॉलेजात ग्रंथपाल आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, आणि चारचाकी येते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसलो. एवढंच.

लग्नानंतर गाडी घ्यायची नाही, हे ओघानंच आलं. मी साधेपणावर बोलू लागलो. धूर, प्रदूषण, माणसाला लागतं किती. कॉलेजला सायकलवर जाऊ लागलो. एका पर्यावरणदिनी माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला आणि मी दोन शब्द बोललोसुद्धा. हे शब्द चालू असताना बायको पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. हीच बाई आमच्या सोनईहून माहेरी जायचं तर तोंडाला ओढणी गुंडाळून, उन्हातान्हात माझ्या मोटारसायकलवर मागे बसून जायची. पाठीचा मणका तिचा गेला, नाव माझं झालं.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही तिसगावला गेलो होतो. दुपारची जेवणं झाली आणि सासरे, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ओट्यावर बसल्या बसल्या कलले. तोंड वाकडं झालं. शेजाऱ्याची जीप दारातच होती, चावी खुंटीला. शेजारी मळ्यात. कोणीतरी चावी आणून माझ्या हातात ठेवली. "जावईबापू, काढा गाडी. नगरला घ्या."

अंगणात दहा-बारा माणसं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. मी जीपभोवती एक फेरी मारली. टायरला बुटाचं टोक लावलं. म्हणालो, "हवा कमी आहे. ब्रेकचाही भरवसा नाही. घाटात काही झालं तर?"

शेजाऱ्याला बोलावणं गेलं. तो येईपर्यंत पाऊण तास गेला. दादा वाचले, पण उजवा हात कायमचा गेला. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. आणि घरी परतल्यावर पाहुण्यारावळ्यांत काय बोललं गेलं? की जावई मोठा शांत डोक्याचा. दुसरा असता तर घाबरून गाडी दामटली असती. बायको हे कौतुकानं चारचौघांत सांगायची. मी पोह्यातले शेंगदाणे काढावेत तसा खाली बघायचो.

तर आता मोरोक्को. सुटका म्हणून मी बरंच काही सुचवून पाहिलं. ट्युनिशियाला रेल्वे आहे म्हणे. इजिप्तला बोटीनं फिरतात. नाहीतर तिथलाच ड्रायव्हर ठेवू. "ठेवा," ती म्हणाली. "तो आपल्याला गालिच्यांच्या दुकानांत हिंडवील आणि सहारा राहील बाजूला. तुम्हाला येते ना चालवता? मग?"

शेवटी आंतरराष्ट्रीय परवानाही काढला. लायसन्स होतंच, त्यामुळे परीक्षा नव्हती. सोनईच्या बाजारात ज्याला रिक्षासुद्धा मागे घेता येणार नाही, त्याला परदेशात मोटार चालवायची कागदोपत्री मुभा मिळाली. बायकोनं परवान्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

तिकडे रस्त्याच्या उजव्या अंगानं चालवतात. म्हणून सराव हवा, असं तिनं ठरवलं. एका रविवारी सकाळी तिनं शाळेतल्या एका बाईंची गाडी मागून आणली. त्यांनी ती कारखान्याच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर लावून दिली आणि त्या भाजी घ्यायला गेल्या. बायको शेजारी वही उघडून बसली. मी किल्ली फिरवली. गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली.

"सवय गेली तुमची," ती हसली.

दुसरा गचका. तिसऱ्याला गाडी आडवी होऊन रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला. भोंगा वाजला, मग ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला.

"सर, बाजूला घ्या की."

"येत नाही," मी म्हणालो.

"काय येत न्हाई?"

"गाडी. चालवता येत नाही मला."

"लायसन हाय ना?"

"आहे."

"मंग?" तो खराखुरा गोंधळला. मग मला शेजारच्या सीटवर सरकायला लावून त्यानं गाडी कडेला घेतली आणि निघून गेला. तोवर बायको खाली उतरली होती. चोवीस वर्षांत जे तिला सांगितलं नाही, ते मी तिच्यासमोर एका ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं होतं.

ती वही छातीशी धरून उभी होती. लग्नाचं विचारलं नाही, सत्काराचं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मग तिसगावला? ती हवा?"

"हवा होती," मी म्हणालो. "टायरात हवा होती."

ती घरापर्यंत चालत गेली. मी मागे चालत गेलो.

पंधरा दिवस कामापुरतं बोलणं. मग तिनं सांगितलं, "दादांना तुम्ही सांगायचं. माझ्यादेखत नाही. एकट्यानं जाऊन." मी एसटीनं गेलो. दादा डाव्या हातानं बशीतला चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि अंगणाकडे बघितलं.

"त्या दिशी इथं किती जन हुते?"

"दहा-बारा."

"त्यातल्या चौघांना जीप येत हुती. माझा पोरगा त्यात एक. पन जावई हुबा असल्यावर ष्टेरिंगला हात कोन लावनार? मानाचं मानूस तुमी." त्यांनी बशी परत उचलली. "येत न्हाई म्हनायचं हुतं फकस्त. लाजायचं काय त्यात?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला जेवून जा म्हटलं. मी जेवलो. जावयानं ताटात टाकायचं नसतं.

दरम्यान बायकोनं ड्रायव्हिंग क्लास लावला. पहिल्या परीक्षेत गाडी मागे घेताना नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली. वहीच्या पहिल्या पानावरचं 'हे' खोडून तिनं तिथं स्वतःचं नाव लिहिलं आहे. प्रवास एक वर्ष पुढे ढकलला, पण तिकिटं दोनच काढायची आहेत. दुसरं कुणाचं, हे मी कितीतरी दिवस विचारलं नाही. मग विचारलं.

"दादा येतो म्हणतायत," ती म्हणाली. "त्यांचा पासपोर्ट निघाला तर ते. नाही निघाला तर तुम्ही."

पासपोर्टचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आहे. घरात फॉर्म मीच भरतो. परवा कागद जुळवताना दिसलं की दादांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे, जशी त्यांच्या पिढीत निम्म्या गावाची असते, आणि आधारवर एक जानेवारी. सालातही दोन वर्षांचा फरक. असा फॉर्म परत येतो. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते मला उत्तम जमतं. सहारा माझ्या वाट्याला आला असता. माझा दोष कुणाला दिसलाही नसता.

अर्धा तास मी ते दोन कागद पुढ्यात घेऊन बसलो होतो. एवढा वेळ लागला, हेही लिहून ठेवतो. मग स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि सांगितलं, "तारखा जुळत नाहीत. आधी आधार दुरुस्त करायला लागेल."

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मग तिसगावला जाऊन घेऊन जा त्यांना केंद्रावर."

उद्या पहिल्या एसटीनं निघतोय. मेव्हण्याचा फोन होता, दादा चार दिवसांपासून जुन्या पंचांगाच्या पाठीमागे डाव्या हातानं सही गिरवतायत.