ऑर्लिन ट्वेटची जागा

उत्तर मिनेसोटातल्या एल्स्बी गावात थंडीत गेलेल्या माणसाला मातीआड करायला मे महिना यावा लागतो. जमीन चार फूट खोल गोठलेली असते. तोवर प्रार्थना होते, चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅमची सँडविचं होतात, लोक घरी जातात, आणि शवपेटी दफनभूमीच्या फाटकाजवळच्या दगडी खोलीत थांबते. ऑर्लिन ट्वेट नऊ फेब्रुवारीला गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. रस्त्याकडेच्या चरात घसरलेली कुणाची तरी गाडी ओढून काढून तो घरी आला, बूट काढायला दाराशी बाकावर बसला, आणि एकच बूट काढून गेला.

"एक काम पुरं केलं नाही या माणसाने," त्याची बायको आर्डिस म्हणाली.

साप्ताहिकात द्यायचा निधनाचा मजकूर मुलीने, जॉलीनने, लिहिला. ती मिनियापोलिसहून आली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने तो आईला वाचून दाखवला. ऑर्लिनचा जन्म गावाबाहेरच्या शेतावरचा. चौतीस वर्षं त्याने डेअरीचा दुधाचा टँकर चालवला. अग्निशमन दलात स्वयंसेवक, दफनभूमी समितीचा सव्वीस वर्षं सचिव. कुटुंबवत्सल, सर्वांच्या मदतीला धावणारा.

"धावणारा काढ," आर्डिस म्हणाली. "धावला कधी नाही. उशिरा पोचायचा. पण पोचायचा."

"आई, असं छापतात का कुठे?"

"मग नुसतं पोचणारा लिही. आणि सचिव तो झाला नव्हता. सभेत त्याने कॉफी हवी म्हणून हात वर केला, तो समितीने होकार म्हणून मोजला."

जॉलीनने 'धावणारा' तसंच ठेवलं. गावाने ते वाचून माना डोलावल्या.

महिनाभर माणसं जेवणाची भांडी घेऊन येत राहिली. बटाट्याचं हॉटडिश, लिंबाच्या वड्या, पुन्हा बटाट्याचं हॉटडिश. प्रत्येक जण दारात टोपी काढून एकच वाक्य म्हणायचा : ऑर्लिन कुणाला कधी नाही म्हणाला नाही.

"मलाही कधी नाही म्हणाला नाही," आर्डिस भांडं घेत म्हणायची. "बघा ना."

आणि ती स्वयंपाकघरातल्या कपाटांकडे हात करायची. नऊ वर्षांपूर्वी ऑर्लिनने रंगवायला म्हणून त्यांची दारं उतरवली होती. दारं गोठ्यात होती. चौदापैकी तीन रंगवून झाली होती. त्या नऊ वर्षांत त्याने पोस्टमास्तरणीच्या व्हीलचेअरसाठी उतार बांधला, शाळेच्या स्टेजच्या पायऱ्या केल्या, चर्चच्या घंटेचा दोर बदलला. आर्डिसच्या बश्या नऊ वर्षं उघड्यावर होत्या आणि आल्यागेल्या प्रत्येकाने त्या पाहिल्या होत्या. दुसरीकडे, थंडीत रोज सकाळी तिची गाडी काच खरवडून, आतून गरम होऊन दारात उभी असायची. एकावन्न वर्षं, एक दिवस न चुकता. त्याबद्दल ती कुणाला सांगत नसे. ते आणि तक्रार एका वाक्यात बसत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळलं आणि पास्टरबाईंचा फोन आला. चार मेला दफन करता येईल. फक्त जागांचं पुस्तक लागेल. दफनभूमीत कोण कुठे आहे याची एकच नोंदवही होती आणि ती ऑर्लिनकडे होती.

"कुठे ठेवली असेल?" पास्टरनी विचारलं.

"जिथे नसायला हवी तिथे," आर्डिस म्हणाली.

दोन दिवस शोधून ती पिकअपच्या सीटखाली सापडली, साखळदंड आणि लोकरी हातमोज्यांच्या ढिगात, कॉफीच्या डागांसकट. आर्डिसला तशी ती बघायची गरज नव्हती. त्यांची जागा तिला माहीत होती. एल्मच्या झाडाच्या खोडाजवळ, एकाच शिळेखाली दोघांची. शिळा बारा वर्षांपूर्वीच बसवली होती. डावीकडे ऑर्लिन, उजवीकडे आर्डिस, दोघांची जन्मवर्षं कोरलेली, पुढे कोरी जागा. तिने वही उघडली ती केवळ नीट आहे ना हे बघायला.

डाव्या चौकोनात ऑर्लिनच्या हस्ताक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं : सेल्मर ब्राटन. माझ्या जागेत, तूर्त.

आर्डिसने चष्मा पुसला. मजकूर तोच राहिला.

सेल्मर ब्राटन हा दलदलीकाठच्या पडक्या घरात राहणारा एकटा जीव. लग्न नाही, नातेवाईक नाहीत, एक पाय सरळच राहणारा. बावीस वर्षं तो दर रविवारी ट्वेटांकडे जेवला. ऑर्लिन त्याला पिकअपने आणायचा आणि सोडायचा, आणि चर्चमधून येताना तिघं पुढच्या एकाच सीटवर बसायची. सेल्मरचा पाय वाकत नसल्यामुळे खिडकी त्याला लागे. म्हणून मध्ये आर्डिस, गिअरचा दांडा गुडघ्यात, एका बाजूला नवरा आणि दुसऱ्या बाजूला ओल्या लोकरीचा वास. बावीस वर्षं. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत सेल्मर गेला आणि मेमध्ये त्याला मातीआड केलं तेव्हा आर्डिस जॉलीनच्या बाळंतपणाला मिनियापोलिसला होती. परत आल्यावर तिने विचारलं होतं, कुठे ठेवला रे त्याला? ऑर्लिन म्हणाला होता, झालं सगळं नीट. मग त्याने खिडकीबाहेर बघून पाऊस येईल का, असं विचारलं होतं.

तिने ड्वेन ओपडालला फोन लावला. गावातल्या कबरी त्याच्या जेसीबीने खोदल्या जात.

"ड्वेन, माझ्या नवऱ्याच्या जागेत कोण आहे?"



"ऑर्लिन म्हणाला होता, तो स्वतः सांगेल तुम्हाला," ड्वेन म्हणाला.

"कधी सांगणार होता?"

"योग्य वेळ बघून."

"तीन वर्षं, ड्वेन!"

"मी दोनदा आठवण केली त्याला. खोटं नाही सांगत."

ती गाडी काढून दफनभूमीत गेली. ड्वेन आधीच येऊन शिळेपाशी टोपी हातात धरून उभा होता, जणू आत्ताच कुणाला पुरलं आहे. त्याने सांगितलं ते असं. सेल्मरची जागा कुंपणाकडे, शेवटच्या ओळीत ठरली होती. खड्डा खणला तर तो अर्ध्या तासात पाण्याने भरला. उपसला, पुन्हा भरला. पेटी गाडीवर, जुने पास्टर घड्याळ बघत उभे, त्यांना दुसऱ्या गावात लग्न लावायचं होतं. ऑर्लिन खड्ड्यात बघत राहिला. मग म्हणाला, "याच्या घराच्या तळघरात जन्मभर पाणी होतं. आता मी याला पाण्यात नाही ठेवणार." आणि एल्मकडे चालू लागला.

"आणि तू खणलंस."

"ऑर्लिनने सांगितलं म्हणून खणलं."

"ऑर्लिनने सांगितलं असतं की चर्च खण, तर?"

ड्वेनने यावर थोडा विचार केला. "कशासाठी ते विचारलं असतं," तो म्हणाला.

आर्डिस शिळेकडे बघत होती. डाव्या बाजूचं गवत दाट आणि हिरवं होतं. तिला तो मे आठवला. मेमोरियल डेला, कबरींवर फुलं ठेवायच्या दिवशी, ती जिरेनियमची कुंडी घेऊन आली होती आणि तिथे नवी माती, नवं बी पेरलेलं दिसलं होतं. ऑर्लिन म्हणाला होता, थंडीने जमीन वर आली होती, म्हणून सारखी केली. न सांगता, वेळेवर आणि पूर्ण केलेलं त्याचं ते पहिलंच काम होतं. तिने त्याची पाठ थोपटली होती. त्या दिवशी तिने सेल्मरच्या डोक्यावर जिरेनियम ठेवलं होतं आणि नंतरच्या दोन वर्षीही.

"दुसरी जागा कुठली मोकळी आहे?"

"कुंपणाकडे," ड्वेन म्हणाला. "पण तिथे पाणी."

"आणि तो शेजारचा तुकडा? जो समिती घेणार होती?"

"त्याबद्दल ऑर्लिन आणि शेतमालकाचं बोलणं झालं होतं. कागद व्हायचे होते."

"कागद कोण करणार होतं?"

ड्वेनने टोपी घातली.

पास्टरबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी संध्याकाळी आर्डिसच्या टेबलाशी बसून, उघड्या बश्यांकडे न बघण्याचा प्रयत्न करत मार्ग सुचवला. सेल्मरला हलवता येईल. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, परवानगी लागेल. मृताच्या जवळच्या माणसाची सही लागेल.

"त्याला जवळचं कुणी नव्हतं," आर्डिस म्हणाली.

पास्टरनी सोबतची फाइल चाळली. सेल्मरच्या कागदावर जबाबदार व्यक्ती म्हणून एकच नाव होतं. ऑर्लिन ट्वेट. आणि तो नसल्याने आता ती सही, त्यांना वाटतं, आर्डिसची लागेल.

आर्डिस हसली. दफनासाठी पुन्हा आलेली जॉलीन दचकली, कारण फेब्रुवारीपासून आई हसली नव्हती.

"म्हणजे बावीस वर्षं मी त्याला जेवू घातलं, आणि आता उकरून काढायची सहीही मीच करायची."

"घाई नाही," पास्टर म्हणाल्या. "पण चार तारीख..."

"आई, कर सही," त्या गेल्यावर जॉलीन म्हणाली. "तुझी जागा बाबांच्या शेजारी आहे. शिळेवर नाव आहे तुझं. यात काय विचार करायचा?"

"विचार नाही करत. चिडतेय. चिडू दे."

पास्टरनी ठेवलेला परवानगीचा कागद टेबलावर राहिला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता. आर्डिसने त्यावर पेन ठेवलं, उचललं, पेनाने त्यावरच किराण्याची यादी केली. ऑर्लिन तिच्या शेजारी हवा, यात तिला शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की त्यासाठी ज्या माणसाला त्याने कोरड्या जागी ठेवलं त्याला काढून पाण्यात ठेवायचं, आणि तेही ऑर्लिनच्याच पेटीच्या डोळ्यांदेखत.

शिळेच्या उजवीकडची, आर्डिसच्या पलीकडची जागा ऑर्लिनचा भाऊ लायल याची होती. तो ॲरिझोनात राहायला गेला होता आणि गुडघ्यांमुळे अंत्यविधीला येऊ शकला नव्हता. आर्डिसला त्याच्याकडे काही मागायला आवडत नसे. त्याने फोन उचलला तेव्हा मागे टीव्हीवर गोल्फ चालू होतं.

"लायल, एक विचारायचं होतं. तुझी इथली जागा. तू वापरणार आहेस का?"

"ती? ती मी केव्हाच ऑर्लिनला दिली," लायल म्हणाला. "तो बोलला नाही तुला?"

आर्डिस खुर्चीवर बसली.

"केव्हा दिलीस?"

"तीन वर्षं झाली. मे महिन्यात फोन आला त्याचा. म्हणाला, सेल्मरला माझ्या जागेत ठेवलाय, आता आम्हाला एक एक घर सरकावं लागेल, तुझी दे. मी म्हटलं घे, मला इथे उन्हातच पुरणार आहेत. आणि मी पत्र पाठवलं सहीचं. वहीत असेल बघ."

तिने वही झटकली. शेवटच्या पानातून घडी केलेलं पत्र पडलं. लायलची सही, तारीख, सगळं रीतसर.

"मग मला का नाही सांगितलं त्याने?"

"म्हणाला, सांगतो, पण आर्डिस सध्या कपाटाच्या दारांवरून चिडलीय. जरा शांत होऊ दे."

"कपाटाच्या दारांवरून मी नऊ वर्षं चिडलेय!"

"तेच तो म्हणत होता," लायल म्हणाला.

तिने फोन ठेवला. जॉलीन दारात उभी होती.

"त्याने केलं होतं सगळं," आर्डिस म्हणाली. "जागा मागितली, पत्र मिळवलं. फक्त मला सांगायचं आणि शिळा सरकवायची राहिली. चौदापैकी तीन दारं. असाच होता हा माणूस, जॉलीन. असाच!"

"मग सही?"

आर्डिसने काउंटीचा कागद उचलून यादीसकट चुलीजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग ड्वेनला फोन करून सांगितलं की चार तारखेच्या आधी शिळा चार फूट उजवीकडे सरकली पाहिजे. ड्वेन म्हणाला, तसं ते ऑर्लिन आणि तो मिळून करणारच होते, बोलणं झालं होतं. आर्डिस म्हणाली, बोलणं पुरे. तो त्याच दुपारी आला. ती बाजूला फोल्डिंगच्या खुर्चीत बसून राहिली आणि शिळा सरळ बसेपर्यंत हलली नाही. दोनदा तिने त्याला पुन्हा उचलायला लावली.

मग तिने वही मांडीवर घेतली. सेल्मरच्या चौकोनातला 'तूर्त' तिने पेनाने खोडला. पुढच्या चौकोनात शाईने लिहिलं ऑर्लिन, त्याच्या पुढच्यात आर्डिस.

चार मेला वारा होता. पन्नासएक माणसं आली, बहुतेक सगळी त्याने कधी ना कधी चरातून ओढून काढलेली. पास्टरनी बायबलमधलं वाचलं. पेटी उतरायच्या आधी आर्डिस पुढे झाली. लोकांना वाटलं ती प्रार्थना करेल. ती थोडी वाकली आणि नेहमीच्या आवाजात, मागच्या ओळीलाही ऐकू जाईल असं बोलली.

"ऑर्लिन, सेल्मर तिकडे खिडकीशी आहे. यावेळी मध्ये तू बस."

मग तिने ड्वेनला मान हलवून खूण केली, आणि माती पूर्ण पडेपर्यंत, गवताचं बी पेरून होईपर्यंत, ती तिथेच उभी राहिली.