सतराचे सात

आरोग्य खात्यात त्यांना सगळे आकडेमास्तर म्हणत. लाखभर माणसांचा मेळावा असला की मैदानाच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत त्यांचं टेबल लागायचं. दवाखान्याच्या प्रत्येक तंबूतून सकाळ-संध्याकाळ फोन यायचा: ताप किती, खोकला किती, जुलाब किती. आकडा कुठे एकदम चढला की मास्तरांनी वर कळवायचं, म्हणजे साथ पसरायच्या आत पाणी तपासता येतं. बावीस वर्षांत आपला तक्ता चुकला नाही, हे ऐकवल्याशिवाय ते कुणाला चहा पाजत नसत.

त्या मेळाव्यात दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या तंबूतल्या नवीन नर्सबाई म्हणाल्या, "जुलाबाचे सतरा."

"सतरा? बाकी सगळीकडे दोन-तीन आहेत. नीट मोजा, बाई."

"दोनदा मोजलेत, सर. सगळे एकाच टाकीचं पाणी प्यायलेत."

"अहो, तोच माणूस गोळी मागायला पुन्हा येतो आणि तुम्ही पुन्हा लिहिता." मास्तर हसले आणि तक्त्यात सात मांडून मोकळे झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथं नव्वद जण आले. खाटा पुरेनात, माणसं सतरंजीवर सलाइन लावून पडली. टाकी तेव्हा कुठे बंद झाली. दगावलं कुणी नाही, पण एका आजीबाईंचा जीव तीन दिवस टांगणीला लागला होता.

मेळाव्यानंतर खात्याच्या कचेरीत झालेल्या शेवटच्या बैठकीत तिथल्या मोठ्या मॅडम कडाडल्या, "चार नंबर, आदल्या दिवशी सात आणि दुसऱ्या दिवशी नव्वद? झोपला होतात का?"

नर्सबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चष्मा पुसत बसले.

बैठक सुटल्यावर त्यांनी बाईंना जिन्यात गाठलं. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्हीच सांगाल."

 मास्तर तसेच माघारी बैठकीच्या खोलीत गेले. "मॅडम, त्यांनी सतरा सांगितले होते. सात मी केले."

"मग मघाशी सगळ्यांसमोर का गप्प होतात?"

मास्तरांनी तक्ता पुढे ओढला आणि सातावर काट मारून सतरा लिहिले.

अहवाल दुरुस्त झाला, मास्तरांना ठपक्याचं पत्र मिळालं. पण बैठकीतली माणसं केव्हाच पांगली होती. त्यांच्या लेखी चूक बाईंचीच राहिली.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "त्या मुलीची माफी मागितलीत का?"

"मागितली."

"काय म्हणाली?"

"बरं, म्हणाली. नुसतं बरं."

त्यांनी ताट बाजूला सारलं. बायकोनंही आग्रह केला नाही.