गिटार लावणारे भाऊजी

माझ्या मावसदिरांइतकं परक्या माणसाच्या बोटांवर प्रेम करणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. समोरच्याचं नाव, गाव, नोकरी, त्याला मुलं किती, यातलं काही म्हणता काही त्यांच्या लक्षात राहत नसे. पण त्यांच्या जन्माआधी अमेरिकेच्या दक्षिणेत कुठल्याशा खेड्यात घराच्या पायरीवर बसून जो कोणी गिटार वाजवून गेला, त्याची करंगळी त्या क्षणी कुठल्या पडद्यावर होती, हे ते छातीठोकपणे सांगत. माझ्या नवऱ्याचे हे धाकटे मावसभाऊ, म्हणून माझे भाऊजी. राहायला इंग्लंडात लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत, भिंतीला भिंत लागलेल्या एका चिंचोळ्या टेरेस्ड घरात. नोकरी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात. लग्न नाही. आम्ही लंडनजवळ वॉटफर्डला, त्यामुळे दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांची खबर घ्यायला जायचं, असा आमच्या घरचा नियमच होता.

त्यांचं वेड मला समजायला बरीच वर्षं लागली, म्हणून थोडं सांगते. गिटारला सहा तारा असतात आणि त्या लावायची एक सर्वमान्य पद्धत असते. पण हे जुने ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, गाणारे शेतावरचे, गिरणीतले, तुरुंगातले लोक. त्यांनी ती पद्धत मानावी असं काही त्यांच्यावर बंधन नव्हतं. कुणी दोन-तीन तारा उतरवून ठेवी, मग मोकळ्या तारांवरून नुसता हात फिरवला तरी तंबोऱ्यासारखा भरलेला सूर निघे. कुणी गिटारच्या मानेला चिमटा लावून सगळाच सूर वर नेई. त्यात ज्यांनी गावोगाव फिरून हे ध्वनिमुद्रित केलं त्यांची यंत्रं कधी जलद चालत, कधी रेंगाळत. तेव्हा रेकॉर्डवर जो सूर ऐकू येतो तो आला कुठून, तारा कशा लावल्या होत्या, डावा हात कुठे होता, हे कळायला मार्ग नाही. तो मार्ग शोधणं हे भाऊजींचं आयुष्य होतं. एक्स-रेचं काम ते पोटासाठी करत, पण तिथंही बोटं सुटली नव्हती. एकदा त्यांच्याकडे गेलेलो असताना माझं मनगट मुरगळलं, तर त्यांनी आपल्याच विभागात फोटो काढवला. तो उजेडात धरून म्हणाले, "हाड शाबूत आहे. आणि वहिनी, अंगठा फार चांगला आहे तुमचा. गिटारच्या वरून वळवून जाड तार दाबता येईल." इतकी वर्षं भाकऱ्या थापल्या, पण माझ्या अंगठ्याची तारीफ त्याआधी आणि त्यानंतर कुणी केली नाही.

त्यांच्याकडे गेल्यावर दार उघडे, पण आत जाता येत नसे. दारात भाऊजी एक बोट वर करून उभे. "टू मिनिट्स, वहिनी. हा आत्ता हात सरकवणार आहे." मग चिवड्याचा डबा छातीशी धरून आम्ही दोघं थंडीत उभे, आतून खरखर आणि त्या खरखरीच्या पलीकडे कुणीतरी दुःखाने गातोय. हात सरकला की आम्हाला प्रवेश. आत सेटीवर रेकॉर्डी, खुर्चीवर कॅसेटी आणि जिन्याच्या पायऱ्यांवर कुठल्याशा मासिकाचे अंक. बसायला जागा एकच, ती भाऊजींची. आम्ही उभ्याउभ्या चहा पीत असू. एका वर्षी तिथल्या गणपतीच्या कार्यक्रमात त्यांना आग्रहाने वाजवायला बसवलं. त्यांनी तारा लावायला घेतल्या. ही उतरव, ती चढव, कान लावून ऐक, मान हलव. मंडळी सात्त्विक चेहऱ्याने वाट पाहत राहिली, मग हळूहळू बोलायला लागली, मग प्रसाद वाटला गेला. हॉलची किल्ली घेऊन केअरटेकर आला तेव्हा भाऊजी वर बघून समाधानाने म्हणाले, "आता लागली." लोक कोट चढवत होते.

मँचेस्टरला त्यांच्यासारखेच एक इंग्रज गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. एका रेकॉर्डवरून दोघांचं वर्षानुवर्षं पत्रांतून भांडण चाललं होतं. शेवटी भाऊजी त्यांना भेटायला गेले. परत आल्यावर मी कौतुकाने विचारलं, "कसे आहेत हो ते? घरी कोण कोण आहे?"

"विचारलं नाही."

"अहो, दिवसभर होतात ना तिथं?"

"हो. त्यांची एक खिडकी नीट बंद होत नाही, वारा येतो. बाकी माणूस चांगला."

"आणि जेवलात काय?"

यावर ते खरोखरच विचारात पडले. जेवणाचं दोघांच्याही लक्षात आलं नसावं.

ते भांडण ज्या रेकॉर्डवरून होतं, तिच्यावर गाणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं 'अज्ञात'. भाऊजींना सगळी कोडी सुटली होती, तेवढं एक सुटत नव्हतं. अंगठ्याने वाजवायच्या तीन जाड तारांपैकी मधल्या तारेचा सूर त्या गाण्यात कुठेच लागत नसे. मँचेस्टरच्या गृहस्थांच्या मते त्याने तारा एका विचित्र तऱ्हेने लावल्या होत्या. भाऊजींच्या मते दुसऱ्याच विचित्र तऱ्हेने. दोन्ही तऱ्हांनी ते वाजवून बघत, आणि दोन्हींत कुठेतरी हात तुटायची वेळ येई.

अशा माणसाचं लग्न जमवायचं मी मनावर घेतलं, यावरून मी तेव्हा किती उत्साही असेन याची कल्पना यावी. आमच्या दोन गल्ल्या सोडून सुजाताताई राहत. इथल्या हॉस्पिटलात मिडवाइफ. मूळच्या नागपूरच्या, बौद्ध, फार पूर्वी नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, चाळिशीच्या पुढच्या. बोलणं मोजकं आणि हसणं त्याहून मोजकं, पण हसल्या की घरातलं सगळं जागच्या जागी बसल्यासारखं वाटे. पुण्याच्या मावशींना, म्हणजे भाऊजींच्या आईला, हे कितपत पटेल, अशी काळजी माझ्या नवऱ्याला पडली. त्यांनी भाऊजींना फोनवर ती आडून आडून सांगितली. भाऊजी म्हणाले, "आईला माझी गिटारही चालत नाही."

मी दोघांना रविवारी चहाला बोलावलं. भाऊजी लंडनला गाडी बदलून आले ते गिटार आणि कॅसेट प्लेअर घेऊन. माझ्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले. पोहे होईपर्यंत त्या अज्ञात माणसाचं गाणं आमच्या बैठकीत सुरूसुद्धा झालं होतं. ते संपल्यावर भाऊजींनी विचारलं, "काय ऐकू आलं?"

आम्ही दोघं अशा वेळी "छान आहे" म्हणून सुटका करून घेत असू. सुजाताताई म्हणाल्या, "खुर्ची."

"कुठली खुर्ची?"

"तो डुलतोय ना, ती करकरतेय. आणि त्याला खोकला झालाय. दोन ओळींच्या मध्ये तो दाबतोय. याचं नाव काय?"

"नाव लिहिलेलं नाही."

"रेकॉर्ड करणाऱ्यांना विचारायला काय झालं होतं?"

भाऊजींनी प्लेअरकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं त्याने त्यांच्यापासून काही लपवून ठेवलं होतं. त्यांनी कॅसेट मागे नेली आणि दोघांनी खुर्ची ऐकली. पोहे गार झाले.

त्यानंतर रविवार त्यांचे झाले. कधी भाऊजी इकडे येत, कधी सुजाताताई लेस्टरला जात. सेटीवरच्या रेकॉर्डी उचलल्या गेल्या, हे मी स्वतः जाऊन पाहिलं. सेटी हिरवी होती, हे त्या दिवशी आम्हाला प्रथम कळलं. अधूनमधून मला लेस्टरहून फोन येई. "वहिनी, सुजाताबाई चहात साखर किती घेतात?"

"समोर आहेत ना त्या? त्यांनाच विचारा."

"ते बरं दिसेल का?"

असं दोनेक वर्षं चाललं. माझ्या नवऱ्याचा धीर सुटत चालला. "अरे, विचारून टाक तिला," ते म्हणत. भाऊजी म्हणत, "त्यांना तारांमध्ये रस आहे, दादा. उगाच मध्ये काही आणलं तर त्या यायच्या थांबतील." त्यांना खरोखर असं वाटत होतं. ती बाई रविवारी तासन्तास गाडीत बसून सहा तारांसाठी येते, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

आणि एका रविवारी कोडं सुटलं. मी तिथं होते. भाऊजी नेहमीप्रमाणे बोटं ताणून ते गाणं वाजवू पाहत होते आणि मध्येच हात झटकत होते. सुजाताताई मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या बाबांचं कलापथक होतं. वस्त्यावस्त्यांत गायचे. त्यांच्या पेटीचे दोन सूर वाजतच नसत. बाबा त्यांच्यावरून उडी मारून जायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, चालच तशी आहे. याची ती तार नसेलच तर?"

भाऊजींचा हात खुंटीकडे गेला. त्यांनी मधली जाड तार सैल केली, काढली आणि सेटीच्या हातावर ठेवली. बाकीच्या पाच तारा सरळ सर्वमान्य पद्धतीने लावून घेतल्या. मग ते वाजवायला लागले, आणि जे गाणं इतकी वर्षं अंगाला हात लावू देत नव्हतं ते मांजरासारखं येऊन त्यांच्या मांडीवर बसलं. कुठे ताण नाही, कुठे कसरत नाही. एका गरीब माणसाच्या गिटारची एक तार तुटली होती आणि तो तिच्याशिवाय गात होता, एवढंच. गाणं संपल्यावर भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं. सुजाताताईंनी मटारची परात खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले आणि आधण उकळून आटेपर्यंत बाहेर आले नाही. आले तेव्हा भाऊजी मँचेस्टरला फोन लावत होते.

पुढच्या हिवाळ्यात नागपूरला सुजाताताईंच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला. नोकरी सोडून जावं की रजेवर जाऊन यावं, असा त्यांना प्रश्न पडला होता. नोकरी सोडूनच जायचं ठरल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मी विचारलं, "भाऊजींना सांगितलंत?"

"सांगितलं. मागच्याच रविवारी म्हटलं, कायमचं जावं की नाही, ते ठरत नाहीये. त्यांनी रेकॉर्ड थांबवली. मध्येच थांबवली, एवढं मात्र खरं." त्या थोडं हसल्या. "मग म्हणाले, नागपूरची हवा कोरडी असते, लाकडाला चांगली."

त्या गेल्या. बाबा वर्षभरात वारले, पण तोवर सुजाताताईंनी वस्तीत बाळंतिणींसाठी दवाखाना सुरू केला होता आणि तो सोडून येणं शक्य नव्हतं. भाऊजी पूर्वीसारखे राहू लागले, असं लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं. पण सेटीवर त्यांनी पुन्हा काही ठेवलं नाही. मग एका वर्षी त्यांनी साठलेली सगळी रजा घेतली आणि आम्हाला न सांगता नागपूरला जाऊन आले. आल्याचं कळल्यावर आम्ही लेस्टरला गेलो. दार लगेच उघडलं. ते वाळले होते, उन्हाने काळवंडले होते.

"कसं काय झालं?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"त्यांच्याकडे सारखी माणसं असतात, दादा. बाळंतिणी, त्यांच्या सासवा, नर्सिंग शिकणाऱ्या मुली. संध्याकाळी अंगणात सगळ्या बसतात. मी वाजवलं. कुणाला काही कळलं नाही, पण बसून राहिल्या."

"आणि विचारलंस?"

"विचारलं."

मी हातातला चिवड्याचा डबा खाली ठेवला.

"त्या म्हणाल्या, लेस्टरला विचारलं असतंत तर मी बाबांना भेटून परत आले असते. आता इथून निघवत नाही."

"मग तुम्हीच राहायचं होतंत तिथं," मी म्हटलं.

"त्या तसं म्हणाल्या नाहीत, वहिनी." त्यांनी सेटीच्या हातावरून बोट फिरवलं. "मी थांबू का, असं मीही विचारलं नाही. परतीच्या विमानात सुचलं."

निघताना ते आमच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आले. याआधी कधी आले नव्हते. गाडी यायला अवकाश होता. हात कोटाच्या खिशात घालून ते म्हणाले, "पुढच्या रविवारी याल का?"

"काही खास आहे का?" ह्यांनी विचारलं.

"नाही. नुसतं बसू."

आम्ही गेलो. त्या दिवशी त्यांनी काही लावलं नव्हतं, कुठल्या हाताबद्दल काही सांगितलं नाही. ह्यांनी दोनदा हवेचा विषय काढून पाहिला, तो पुढे सरकला नाही. आम्ही तिघं हिरव्या सेटीवर कोपराला कोपर लावून बसलो होतो. दुपारचे चार वाजत आले होते आणि बाहेर अंधारून येत होतं. शेजारच्या घरातून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. दिवा लावायला उठावं असं मला वाटलं, पण दोघांच्या मधून उठायचं म्हणजे दोघांनाही हलवावं लागलं असतं. बऱ्याच वेळाने भाऊजी म्हणाले, "नागपूरला आता जेवणं झाली असतील."

ह्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, मनातल्या मनात साडेपाच तास पुढे गेले, आणि म्हणाले, "हो. होतच आली असतील."